चार कोटी वऱ्हाडी

माझी धाकटी मुलगी एका रात्री तिच्या खोलीत भुताचा सिनेमा पाहत होती. मी पलीकडे वाचत बसलो होतो. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून एकाएकी एक गाणं ऐकू आलं. आवाज बाईचा म्हणावा तर बाईचा नाही, पुरुषाचा म्हणावा तर पुरुषाचा नाही. सोबतीला एखादं लहानसं तंतुवाद्य. चाल गोड, बालगीतासारखी. मी विचारलं, "हे काय वाजतंय गं?" ती म्हणाली, "अब्बा, हे भुताचं गाणं आहे. हे वाजलं की भूत दिसतं."

सिनेमा होता 'इन्सिडियस', २०१० सालचा. गाणं मात्र त्याहून पुष्कळ जुनं, १९२९ सालचं. ट्युलिपच्या फुलांमधून हलक्या पावलांनी चालत ये, असं प्रेयसीला सांगणारं ते प्रेमगीत. ज्याच्या आवाजात ते वाजत होतं तो गायक १९९६ सालीच वारला होता. आयुष्यभर त्याला एकच हौस होती, लोकांनी आपल्यावर प्रेम करावं. त्याच्या आवाजाने आता पोरं दचकतात.

श्रोतेहो, आज मी या गायकाची आणि त्याच्या लग्नाची हकिगत सांगणार आहे. ते लग्न एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात लागलं होतं. आज लग्नाचे फोटो मांडवातून बाहेर पडण्याआधीच जगभर जातात, त्यामुळे त्याची कथा जुनी वाटत नाही. आणि त्याच्याबद्दल बोलताना मला माझाही एक गुन्हा कबूल करायचा आहे. तो शेवटी येईल.

त्याला जग टायनी टिम म्हणून ओळखतं. डिकन्सच्या नाताळच्या कथेतल्या लहानग्या, लंगड्या पोराचं हे नाव. हा गृहस्थ मात्र सहा फुटांहून उंच, नाक लांब, केस खांद्यापर्यंत, चेहऱ्यावर पांढरी पावडर. खरं नाव हर्बर्ट बुत्रुस खौरी. या नावापाशी मी थांबलो, कारण ही दोन्ही नावं अरबीतली. अरबीत 'प' नाही, म्हणून पीटरचा बुत्रुस होतो. खौरी म्हणजे ख्रिस्ती पाद्री. वडील बैरूतहून आलेले, मॅरोनाइट ख्रिस्ती, एका पाद्र्याचे चिरंजीव. आई पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू घरातली, एका रब्बीची मुलगी. दोघंही न्यू यॉर्कमध्ये कापडाच्या आणि शिवणकामाच्या धंद्यात राबणारी. त्यांच्या पोटी १२ एप्रिल १९३२ रोजी हा एकुलता एक मुलगा जन्मला. एक आजोबा पाद्री, दुसरे रब्बी, आणि नातू प्रेमगीतांच्या नादी लागलेला!

पाच वर्षांचा असताना वडिलांनी त्याला चावीचा एक जुना ग्रामोफोन आणून दिला. सोबत हेन्री बर नावाच्या जुन्या गायकाची एक तबकडी. पोरगा तासन् तास त्या कर्ण्यापुढे बसून राही. शाळेत लक्ष नव्हतं, ती अर्धवट सुटली. पुढे एमजीएम या चित्रपट कंपनीच्या न्यू यॉर्कच्या कचेरीत निरोप्याची नोकरी मिळाली. पण मन अडकलेलं त्या तबकड्यांत. ज्या गायकांना सगळे विसरले होते त्यांची गाणी तो ग्रंथालयात बसून शोधून काढायचा आणि त्यांच्या लकबींसकट पाठ करायचा. मायक्रोफोन येण्याआधी गायक कर्णा तोंडाशी धरून गात. तेही त्याने उचललं. वाद्य म्हणून युकुलेले, म्हणजे गिटारच्या धाकट्या भावासारखं चार तारांचं वाद्य. आपल्याकडे जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या जिवापाड जपणारी माणसं असतात, त्या जातकुळीचा हा माणूस. त्याच्या अंगात गेलेल्या गायकांचा मेळा भरलेला होता.

हौशी गायकांच्या स्पर्धांत तो गायचा आणि हरायचा. एका नावाने जमलं नाही की दुसरं घ्यायचा, दुसऱ्याने नाही की तिसरं. मग त्याला आपल्याच गळ्यात तो दुसरा, उंच, पातळ आवाज सापडला. त्या आवाजाने लोक निदान मान वर करून बघू लागले. वाढलेले केस आणि तोंडावरची पावडर बघून आईला वाटे, याला वेड्यांच्या इस्पितळात दाखवावं. १९५९ च्या सुमाराला त्याला टाइम्स स्क्वेअरमधल्या हबर्ट्स म्युझियममध्ये काम मिळालं. नाव म्युझियम, पण तिथे पिसवांची सर्कस चाले आणि चमत्कारिक माणसं तिकीट लावून दाखवत. तिथे त्याची पाटी होती, 'गाणारी कॅनरी'. लोक ऐकायला येत नसत, बघायला येत. हा फरक ध्यानात ठेवा.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो ग्रिनिच व्हिलेज या कलावंतांच्या वस्तीतल्या लहान क्लबांमधून गात होता. बॉब डिलन तेव्हा तिथे नवखा होता. २००४ साली आलेल्या आत्मकथनात डिलनने या टायनी टिमची आठवण काढली आहे. दोघेही एका कॅफेत गात आणि तिथल्या स्वयंपाकघरात जे मिळेल ते खात. दोघेही भुकेले. पुढे एकाला नोबेल मिळालं आणि दुसऱ्याला लग्नाचा मांडव.

जानेवारी १९६८ मध्ये 'लाफ-इन' नावाचा विनोदी कार्यक्रम अमेरिकेत सुरू झाला. त्यात हा उंच माणूस बाजारच्या पिशवीतून युकुलेले काढून गायला आणि प्रेक्षकांकडे चुंबनं फेकत निघून गेला. देश हसून बेजार झाला. त्याच वर्षी त्याची पहिली मोठी तबकडी निघाली आणि ट्युलिपचं गाणं गाजलं. वय छत्तीस. वीस वर्षांच्या खटपटीनंतर यश आलं, ते असं, हसण्याच्या पोटी. तो मात्र हसत नव्हता. तो मनापासून गात होता. रात्री उशिरा लागणाऱ्या 'द टुनाइट शो'मध्ये सूत्रधार जॉनी कार्सन त्याला बोलावी, प्रश्न विचारी, आणि हा लहान मुलासारखी खरी उत्तरं देई. देवाविषयी, स्वच्छतेविषयी, मुलींविषयी. प्रत्येक बाईला तो 'मिस' म्हणे, प्रत्येक पुरुषाला 'मिस्टर'. लोकांना वाटे, काय बेमालूम सोंग आहे! ते सोंग नव्हतं, हीच त्याची अडचण होती.

लोकांची हसण्याची भूक मोठी चंचल असते. पहिल्या तबकडीचं यश पुढच्यांना मिळालं नाही. १९६९ उजाडेतो तोच आवाज, तीच पिशवी, तीच चुंबनं जुनी होऊ लागली होती. त्या वर्षीच्या जून महिन्यात तो फिलाडेल्फियातल्या वानामेकर्स या मोठ्या दुकानात आपल्या पुस्तकावर सह्या देत बसला होता. रांगेत न्यू जर्सीची एक मुलगी आली, व्हिक्टोरिया बडिंगर. वय सतरा. तो सदतीस. तो तिच्या प्रेमात पडला. पुढे सगळं जग तिला 'मिस विकी' म्हणू लागलं. काही महिन्यांत त्याने कार्सनच्या कार्यक्रमात लग्नाचा बेत जाहीर केला आणि कार्सनने तिथेच सुचवलं, लग्न आमच्याच कार्यक्रमात करा की! खर्च आमचा. टायनी टिमने होकार दिला.

लग्न आणि तमाशा यांची ही गाठ काही नवी नव्हती. १८६३ साली, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना, बार्नम नावाच्या नामांकित तमाशेवाल्याने आपल्या पदरच्या दोन ठेंगण्या कलावंतांचं लग्न असंच गाजवलं होतं. नवरदेव चार्ल्स स्ट्रॅटन, 'जनरल टॉम थंब' नावाने जगभर फिरलेला, गाणारा, नाचणारा, नकला करणारा. उंची जेमतेम तीन फूट. वधू लव्हिनिया वॉरन. १० फेब्रुवारीला न्यू यॉर्कच्या ग्रेस चर्चमध्ये लग्न लागलं. रस्ते गर्दीने बंद पडले. लग्नाआधी नवरीला बघायला बार्नमच्या संग्रहालयात तिकीट काढून लोक येत होते. खुद्द अध्यक्ष लिंकन यांनी या जोडप्याला व्हाइट हाऊसमध्ये बोलावलं. रणांगणावर रोज माणसं मरत होती, आणि वर्तमानपत्रं या लग्नाने भरली होती.

पुढचा भाग मला जास्त बोचतो. लग्नानंतर लोकांना मूल हवं झालं. तेव्हा या जोडप्याची बाळासह छायाचित्रं निघाली आणि विकली गेली. त्यांना मूल नव्हतंच. बाळ उसनं होतं, हे लव्हिनियाने पुढे उतारवयात स्वतः सांगितलं. एकदा लग्नाचं तिकीट लावलं, की बारशाचंही लावावं लागतं.

बार्नमनंतर नभोवाणी आली. मी ज्या माध्यमातून बोलतो आहे तेही या पापात थोडं भागीदार आहेच. १९४५ पासून अमेरिकेत 'ब्राइड अँड ग्रूम' नावाचा नभोवाणी कार्यक्रम चाले. बोहल्यावर चढणारी जोडपी त्यात येत, आपल्या प्रेमाची गोष्ट सांगत आणि भेटवस्तूंनी लादून परत जात. पन्नासच्या दशकात तोच कार्यक्रम दूरचित्रवाणीवर गेला. आपल्याकडे २००९ साली वाहिनीवर स्वयंवर झालं तेव्हा अनेकांनी कपाळाला हात लावला. पण ती वाट आधीच मळलेली होती.

तर १७ डिसेंबर १९६९, बुधवार. पाचच महिन्यांपूर्वी अमेरिकेची माणसं चंद्रावर उतरली होती. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. आणि त्या रात्री न्यू यॉर्कमधल्या एनबीसीच्या स्टुडिओत हे लग्न लागलं. हॉलंडहून दहा हजार ट्युलिप मागवल्याच्या बातम्या होत्या. वधूवरांचे कपडे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले. कार्यक्रमात आधी इतर पाहुणे, गप्पा, विनोद. निक लुकास हा वृद्ध गायकही आला होता. ट्युलिपचं गाणं १९२९ साली सगळ्यांत आधी त्यानेच गाजवलं होतं. त्या रात्री त्याने ते पुन्हा म्हटलं. या एका गोष्टीने मी नेहमी हलतो. ज्याची तबकडी ऐकत आपण वाढलो तो गवई आपल्या लग्नात येऊन गातो आहे! त्या साऱ्या थाटामाटात निदान हा आनंद तरी टायनी टिमचा स्वतःचा असणार.

मग विधी झाला. शँपेनचे प्याले आले. टायनी टिम दारू पीत नसे, म्हणून नवराबायकोने मध घातलेलं दूध घेतलं. कार्यक्रम व्यापारी वाहिनीवरचा, तेव्हा मध्ये जाहिरातीही होत्याच. हे लग्न सुमारे चार कोटी लोकांनी पाहिलं, असा अंदाज तेव्हापासून सांगितला जातो. रात्री साडेअकरानंतरच्या कार्यक्रमाला चार कोटी! एवढं वऱ्हाड त्याआधी कोणत्या नवरदेवाला मिळालं असेल?

आता प्रश्न असा, की हे खोटं होतं का? मला तसं म्हणवत नाही. सिनेमा कंपन्यांच्या प्रसिद्धी विभागांनी नटनट्यांच्या जोड्या जुळवून द्यायच्या आणि छायाचित्रकारांना आधी कळवून ठेवायचं, हा हॉलिवूडचा जुना धंदा होता. हे तसं नव्हतं. त्याचं प्रेम खरं होतं. निदान त्याला ते खरं वाटत होतं. तारीख, जागा, फुलं, पाहुणे आणि दिवे मात्र दुसऱ्यांचे होते. भावना खरी आणि मांडणी बाजाराची, असं ते मिश्रण होतं. निव्वळ खोटं असतं तर कार्यक्रम संपल्यावर दोघं हस्तांदोलन करून आपापल्या घरी गेले असते. इथे दोघांना एकाच घरी जायचं होतं. आणि त्या घराची ओळख अजून झालेलीच नव्हती. त्यातली एक जण तर सतरा वर्षांची होती. चार कोटी लोकांत कुणाला तिच्या वयाचा विचार पडला असेल, तर तो हशात विरून गेला.

यावर विचार करताना मला निकाह आठवतो. आमच्याकडे लग्न हा करार आहे. वधूची संमती, वराचा कबूल, मेहरची रक्कम आणि दोन साक्षीदार. बस्स. बाकी बिर्याणी आणि बँड ही आपली हौस. निकाह लपवून करू नये, जाहीर करावा, अशीही शिकवण आहे. म्हणून निकाह झाल्याबरोबर खारका वाटतात, की चार लोकांना कळावं. हिंदू लग्नात मंगलाष्टकं झाली की सगळा मांडव अक्षता टाकतो. म्हणजे लग्न ही चारचौघांत करायची गोष्ट आहे, हे दोन्हीकडे मान्य. मग टायनी टिमने काय वेगळं केलं? चारऐवजी चार कोटींत केलं, एवढंच ना?

नाही. साक्षीदार आणि प्रेक्षक यांत फरक आहे. साक्षीदार सही करतो. उद्या दोघांत वाद झाला, तर त्याला बोलावता येतं. अक्षता टाकणारा मामा उद्या भाचीच्या डोळ्यांत पाणी दिसलं, तर दारात उभा राहतो. लग्न बघण्याची काही किंमत त्याने पत्करलेली असते. प्रेक्षक काहीच पत्करत नाही. तो बटण दाबतो आणि झोपतो. चार कोटी प्रेक्षक मिळून एक साक्षीदार होत नाही.

तसंच झालं. लग्नानंतर कुतूहल ओसरलं. वाहिन्यांची निमंत्रणं कमी होत गेली. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवी. ऑगस्ट १९७० मध्ये इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर प्रचंड मोठा संगीत महोत्सव झाला. त्यात आपल्या जुन्या कर्ण्यातून गाऊन त्याने लाखोंचा समुदाय जिंकला. तिथे लग्न नव्हतं, नवरी नव्हती, नुसतं गाणं होतं. म्हणजे त्याला तमाशाची गरज होती असं नाही. तशी त्याची समजूत मात्र झाली होती.

मे १९७१ मध्ये त्याला मुलगी झाली. नाव ठेवलं ट्युलिप. पोटच्या पोरीलाही गाण्याचंच नाव! नवराबायको बराच काळ वेगळे राहत. १९७७ साली घटस्फोट झाला. तेव्हा कुणी फुलं मागवली नाहीत. पुढे त्याने आणखी दोन लग्नं केली. गाणं कधी सोडलं नाही. जिथे बोलावतील तिथे गेला. १९८५ साली तर एका फिरत्या सर्कशीबरोबर गावोगाव हिंडून गायला. पिसवांच्या सर्कशीत सुरू झालेला प्रवास पुन्हा सर्कशीच्या तंबूत आला. पण त्याच्या बोलण्यात कुणी कडवटपणा ऐकला नाही, असं जवळचे लोक सांगत.

गंमत पाहा, त्या काळी चित्रफिती महाग होत्या. जुन्या पुसून त्यांवर नवे कार्यक्रम भरत. कार्सनच्या न्यू यॉर्कमधल्या दहा वर्षांतले बहुतेक कार्यक्रम असेच पुसले गेले. त्यात मोठमोठे कलावंत गेले, विद्वान गेले. या लग्नाची दृश्यं मात्र शिल्लक राहिली. त्याच्या गळ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीची शेकडो विसरलेली गाणी होती. काळाने विचारलं काय ठेवू, आणि बाजाराने सांगितलं, लग्न ठेव.

आता माझा गुन्हा.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी नोकरीसाठी दुसऱ्या गावी एकटा राहत होतो. पत्नी आमच्या घरी. ती दर आठवड्याला पोस्टकार्ड लिही. पोस्टकार्ड म्हणजे पोस्टमन वाचणार, घरात अम्मी वाचणार. त्यामुळे त्यात मनातलं काय लिहिणार? तिने एक युक्ती काढली. 'इकडे अजून पाऊस नाही,' एवढं एक वाक्य शेवटी लिहायची. ऐन श्रावणात, गावात चिखल झालेला असताना, 'इकडे अजून पाऊस नाही'. त्याचा अर्थ, तुम्ही या. तो मला पहिल्याच पत्रात कळला होता. आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो.

पुढे मी कविता वाचायला गावोगाव जाऊ लागलो. एका कविसंमेलनात संयोजक कानाशी लागून म्हणाले, "सर, गझल नंतर. आधी एखादा किस्सा सांगा, प्रेमाबिमाचा. लोक खुलतात." माझ्या तोंडून पावसाचा किस्सा निघाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या कुठल्याही शेराला तेवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. मग मी तो दुसऱ्या गावात सांगितला, तिसऱ्या गावात सांगितला. हळूहळू त्यात भर पडत गेली. छत्री घेऊन आलेला, भिजलेला पोस्टमन आला. आभाळाकडे बघून कोड्यात पडलेली अम्मी आली. हशा वाढला. लोक मागून ओरडू लागले, "तो पाऊस होऊन जाऊ द्या!" मी त्या टाळ्या माझ्या कवितेच्या खात्यावर जमा करत राहिलो.

एकदा आमच्याच गावात कार्यक्रम होता. पत्नी बायकांच्या रांगेत बसली होती. मी पाऊस पाडला. सभागृह हसलं. रात्री घरी आल्यावर ती चुलीपाशी पाठमोरी उभी राहून एवढंच म्हणाली, "वो अपना पाऊस था ना? तुम सबको बाँट दिए."

ती भांडली नाही. पण त्यानंतर मी बाहेरगावी असताना तिचा फोन आला, तर ती घरातलं सगळं सांगते, पावसाचं कधी सांगत नाही. मी विचारलं तर म्हणते, पडतोय, बरा पडतोय. ते एक वाक्य आमच्या घरातून गेलं. त्याच्या बदल्यात मला काय मिळालं? सात-आठ गावांतल्या टाळ्या. त्या कुठे गेल्या, मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून टायनी टिमला हसणं मला जमत नाही. त्याने जे दहा हजार फुलांत केलं ते मी एका पोस्टकार्डात केलं. माझं प्रेम खोटं नव्हतं. त्याचंही नसेल. पण खऱ्या गोष्टीवर टाळी घेतली, की ती गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना थोडी टाळीसाठी सांगितली जाते, तिसऱ्यांदा आणखी थोडी. शेवटी टाळी उरते. आज हे पुन्हा सांगतो आहे ते तिला विचारून. ती म्हणाली, "माफी मांगने कू बोल रहे तो बोलो." म्हणून बोललो.

टायनी टिमचा शेवट सांगायचा राहिला. सप्टेंबर १९९६ मध्ये युकुलेलेच्या एका संमेलनात त्याला हृदयविकाराचा झटका आला. आता गाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. ३० नोव्हेंबरला मिनिआपोलिस शहरात महिलांच्या एका क्लबमध्ये तो पुन्हा गायला उभा राहिला. तेच ट्युलिपचं गाणं म्हणत असताना त्याला बरं वाटेनासं झालं, आणि पत्नीच्या आधाराने चालताना तो कोसळला. वय चौसष्ट. त्याच शहरातल्या लेकवूड दफनभूमीत तो आहे; शवपेटीत त्याचं युकुलेले ठेवलं आहे. त्या शेवटच्या रात्री समोर चार कोटी लोक नव्हते. सोबत होती ती तिसरी पत्नी, आणि तिचा हात.

माझ्या निकाहाला दोन साक्षीदार होते. एक थोरले मामू, ते गेले. दुसरे वालिदसाहेबांचे दोस्त, आता ऐंशीच्या पुढे आहेत. नजर अधू झाली आहे. दर ईदला मी भेटायला गेलो, की ते माझा हात हातात धरून ठेवतात आणि विचारतात, "दोनों ठीक हैं ना?"

मी "हो" म्हटलं तरी हात लगेच सोडत नाहीत. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतात. त्यांनी सही केलेली आहे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)